आधी पट्टी, मग चेन कटर

अमळनेरहून कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे. घरात दोन सायकली आहेत. एक त्याची, पुढे तीन आणि मागे सात गिअरची. तिच्यासाठी त्याने ११६ कड्यांची नवी चेन मागवली, पण ती लांब पडते आणि खाली लोंबते. दुसरी वडिलांची, बिनगिअरची जुनी बावीस इंची. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून ते रोज पहाटे तिच्यावर निघतात. तिची चेन सैल होऊन सारखी उतरते. त्याने चेन कटर विकत आणलाय आणि दोन्ही चेनी घरीच कापायच्या आहेत. कड्या किती काढायच्या आणि कशा, एवढंच त्याला हवं आहे.

भाऊ, तुमची चेन जरूर कापा. वडिलांची कापू नका, ती बदला. हे मी अंदाजाने सांगत नाही. वडिलांच्या सायकलचं गणित तुम्ही स्वतः करून पाहा, म्हणून आधी तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो. तुमच्या चेनचं काम त्यामानाने सोपं आहे.

दुकानावर येणारे निम्मे लोक निदान सोबत घेऊनच येतात. "चेन ढिली व्हयनी, एक कडी काढी द्या." काढून दिली की दोन-तीन महिने बरं चालतं, मग पुन्हा चेन उतरायला लागते आणि मधल्या काळात फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दाते खाल्लेले असतात. चेन सैल का होते हे नीट समजलं की हा फेरा थांबतो.

लोकांना वाटतं, ओढून ओढून लोखंड ताणलं जातं. तसं होत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती नळी आणि नळीवर फिरणारा रोलर. हान्स रेनोल्ड या अभियंत्याने १८८० मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला जी रोलर चेन बनवली, साधारण तिच्याच बांधणीची चेन आज आपल्या सायकलला आहे. कडी दात्यावर चढताना आणि उतरताना वळते, आणि प्रत्येक वळणाला पिन नळीवर घासते. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतर असतं. सांधा झिजला की हे अंतर वाढतं. एका सांध्यात साधारण ०.१३ मिमी झीज झाली, तर ती एक टक्का झाली. डोळ्यांना ती दिसतही नाही. पण चेनमध्ये शंभराहून जास्त सांधे असतात, सगळ्यांची झीज एकत्र येते आणि चेन लोंबायला लागते.

आता वडिलांच्या सायकलचा हिशोब. पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर अशा सायकलची चेन साधारण ५४ इंच भरते. एक टक्का झीज झाली की ती सुमारे अर्धा इंच लांब होते. मागचं चाक फ्रेमच्या खाचेत मागे सरकवून हा सैलपणा काढायचा झाला, तर चाक पाव इंचाच्या आसपास, म्हणजे सहा-सात मिमी मागे न्यावं लागतं. चेन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून जाते, म्हणून वाढलेल्या लांबीच्या निम्मंच अंतर चाक सरकतं.

चेन मात्र अर्धा-अर्धा इंच कापता येत नाही. तिच्यात एक कडी अरुंद, आतली. पुढची रुंद, बाहेरची. पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद. अरुंद कडीला अरुंद जोडता येत नाही. त्यामुळे काढायची तर एक रुंद आणि एक अरुंद अशी जोडीच काढावी लागते, आणि जोडी म्हणजे पूर्ण एक इंच. दुकानात "एक कडी" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ही जोडीच अभिप्रेत असते. मी पुढे कडी म्हणेन ती अर्ध्या इंचाची.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. ५४ इंचांची चेन झिजून पूर्ण एक इंच वाढायला जवळजवळ दोन टक्के झीज व्हावी लागते. बिनगिअरच्या सायकलची चेन एक टक्क्यालाच बदलायची असते. म्हणजे नीट बसवलेल्या चेनमधून झिजेमुळे एक जोडी काढण्याइतका सैलपणा येतो, तोवर ती चेन बाद होऊन बराच काळ लोटलेला असतो. जोडी काढल्याने एकूण लांबी कमी होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीतलं अंतर वाढलेलंच राहतं. दाते अर्ध्या इंचाच्या मापाने कापलेले आणि चेन त्याहून मोठ्या मापाची. मग रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसतो, सगळा जोर एक-दोन दात्यांवर येतो आणि ते एका बाजूला झुकून टोकदार होत जातात. असं झालेलं फ्रीव्हील नवी चेनही नीट धरत नाही. जोरात पायडल मारलं की खटकन उडी मारतं.

हे पडताळायला एक स्टीलची पट्टी पुरे. इंचाची बाजू असलेली घ्या. या कामात इंचच सोयीचा. सायकलवर असतानाच चेन मोजा, म्हणजे पायडल थोडं दाबून वरची बाजू ताणलेली राहील. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि १२ इंचांच्या खुणेकडे बघा. नव्या चेनमध्ये पिनेचा मध्य बरोबर १२ वर येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर अर्धा टक्का झीज आणि १/८ इंच पुढे असेल तर एक टक्का. पट्टीवर फक्त सेंटिमीटर असतील, तर २४ कड्या मोजा. नव्या चेनच्या ३०४.८ मिमी भरतात आणि ३०८ च्या आसपास गेल्या की चेनचं आयुष्य संपलं. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण मधेच कोणी जुन्या चेनचा तुकडा जोडलेला असला तर एका जागेचं माप फसवतं. वडिलांच्या चेनचं माप माझ्या अंदाजाने १/८ च्या पुढेच निघेल. ओझ्याची सायकल सुरू करताना चेनवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि दूधवाल्याला तर दर दाराला थांबून पुन्हा निघायचं असतं.

माप चांगलं निघालं, म्हणजे १/१६ च्या आत, तर मात्र सैलपणाचं कारण दुसरं आहे आणि तेव्हा जोडी काढणं योग्य ठरू शकतं. फ्रीव्हील बदलताना मोठ्याऐवजी लहान बसवलं की असं होतं. मागचे चार दाते कमी झाले की चेन एक इंच जास्तीची होते. २२ च्या जागी १८ आलं, तर एक जोडी काढावीच लागेल. किंवा नवी चेन बसवताना कोणी कापायचा कंटाळा करून चाक खाचेच्या अगदी टोकाला नेऊन ठेवलेलं असतं. अशा वेळी काढायच्या आधी एक गोष्ट बघा: जोडी काढली की चाक अर्धा इंच पुढे येणार. खाचेत तेवढी जागा आहे का, टायर फ्रेमला किंवा मडगार्डला घासणार नाही ना, हे मोजूनच कटरला हात लावा.

चेन उतरण्याची बाकी कारणंही त्याच बैठकीत तपासून घ्या. क्रँकची (पायडलच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे त्याला धरून ठेवणारी खिळी, सैल असेल, बीबीमध्ये, म्हणजे दांडे ज्या धुरीवर फिरतात तिथे, खेळ असेल, चेनव्हील, म्हणजे पायडलकडचं दातेरी चाक, वाकून लडबडत असेल किंवा मागचं चाक तिरकं बसलं असेल, तर चेन कितीही घट्ट करा, ती उतरणारच. पायडल हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिलं की पहिली दोन कळतात. चेनव्हील मागून बघत फिरवलं की तिसरं.

आणि समजा माप खराब निघालं, पण उद्या पहाटे दूध पोचवायचंच आहे आणि दुकान बंद आहे. तर आधी चाक मागे सरकवा. खाच संपलेली असेल, तर चार-आठ दिवसांपुरती एक जोडी काढा, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या दिवसांत वडिलांना पायडलवर उभं राहू देऊ नका आणि बाजारच्या दिवशी नवी चेन आणाच. फ्रीव्हीलचे दाते झुकलेले दिसले तर तेही सोबत बदला. फ्रीव्हील काढायला त्याचा खास पाना लागतो आणि वर्षानुवर्षं पायडल मारून ते इतकं घट्ट झालेलं असतं की घरी ओढताण करण्यापेक्षा दुकानातून काढून घेणं चांगलं.

आता तुमची गिअरची सायकल. इथे चेन नवी आहे, त्यामुळे झिजेचा प्रश्न नाही, फक्त लांबी ठरवायची आहे. ती तीन तऱ्हांनी ठरवता येते आणि मी नेहमी दोन तऱ्हा करून एकमेकींशी ताडून बघतो.

पहिली, जुनी चेन शेजारी ठेवून. जुनी चेन कंपनीने बसवलेली असेल आणि गिअर बदललेले नसतील, तर ही सगळ्यात सोपी. पण दोन्ही चेनी खिळ्याला टांगून टोकाला टोक लावून कापू नका. जुनी झिजून लांब झालेली आहे. एक टक्का झिजलेली चेन एका कडीहून जास्त वाढलेली असते, म्हणजे टोकं जुळवलीत तर नवीत कड्या जास्त राहतील. दोन्ही फरशीवर समांतर पसरा आणि कडीला कडी लावत मोजा. दहा-दहा कड्यांवर खडूने खूण केली की चुकत नाही.

दुसरी, मोठ्यावरून मोठ्यावर. चेन मागच्या डिरेलरमधून, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतून, न घालता सरळ पुढच्या सगळ्यात मोठ्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून फिरवा. पुढचा डिरेलर असेल तर त्याच्या पिंजऱ्यातून मात्र घ्या. दोन्ही टोकं ओढून जिथे जुळतात ती जागा धरा आणि तिच्यात दोन कड्या, म्हणजे एक इंच, वाढवा. तिथे कापायचं. हा एक इंच डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवरून वळण घेण्यासाठी लागतो.

तिसरी, हिशोबाने. बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर इंचात मोजा आणि दुप्पट करा. त्यात पुढच्या मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांचा चौथा हिस्सा, मागच्या मोठ्या चकतीच्या दात्यांचा चौथा हिस्सा आणि वर एक इंच मिळवा. समजा अंतर १७ इंच, पुढे ४२ आणि मागे २८ दाते आहेत. ३४ अधिक १०.५ अधिक ७ अधिक १, म्हणजे ५२.५. जोडी एक इंचाची, म्हणून वरचा पूर्ण आकडा घ्यायचा: ५३ इंच, म्हणजे १०६ कड्या. ११६ मधून १० जातील. तुमच्या सायकलचे दाते आणि अंतर स्वतः मोजा, माझे आकडे तसेच घेऊ नका. पण चार-पाच इंच काढावे लागले तर दचकू नका, ते बरोबरच आहे. ११६ कड्यांची चेन मोठ्या गिअरच्या सायकलींनाही पुरावी म्हणून लांब दिलेली असते.

शंका असेल तर एक जोडी जास्त ठेवा. लांब राहिलेली चेन पुन्हा कापता येते. आखूड झालेली चेन जास्त वाईट, कारण चढाला चुकून मोठ्यावर मोठं पडलं की मागचा डिरेलर ताणून वाकतो, कधी स्पोकमध्ये जातो आणि चाक जाग्यावर अडकतं. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना थकलेल्या माणसाकडून गिअर असा चुकतोच. तेव्हा चेनची लांबी तो जोड झेलेल अशीच ठेवायची, जरी रोजच्या चालवण्यात तो जोड वापरायचा नसला तरी.

कापायची जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघायची: जोडणार कशाने? मी तुम्हाला जोडकडीच घ्यायला सांगेन, जिला दुकानात क्विक लिंक किंवा चेन लॉक म्हणतात. मागे सात गिअर असतील तर पाकिटावर ६/७/८ स्पीड लिहिलेली घ्या. नऊ किंवा दहाची घेतली तर ती अरुंद असल्याने बसणार नाही. जोडकडी ही स्वतः एक रुंद कडी आहे. म्हणून चेनची दोन्ही टोकं अरुंद राहिली पाहिजेत, आणि १०६ कड्या हव्या असतील तर १०५ चेनच्या आणि एक जोडकडी असा हिशोब लागतो. पिनेनेच जोडायचं असेल तर एक टोक रुंद आणि एक अरुंद लागतं. कापण्याआधी दोन्ही टोकं हातात धरून एकदा जुळवून बघा, मगच त्या पिनेवर खडूची खूण करा.

चेन कटरबद्दल. तो छोट्या शिकंज्यासारखा असतो. एका बाजूला दांडा फिरवला की पुढे सरकणारी ढकलपिन, समोर चेन बसवायची खाच. बऱ्याच कटरमध्ये अशा दोन खाचा असतात. दांड्यापासून लांबची खाच पिन काढायला आणि घालायला, जवळची फक्त आखडलेली कडी मोकळी करायला. पिन काढताना चेन लांबच्याच खाचेत ठेवा, कारण तिथे मागची पट्टी पूर्ण टेकते. जवळच्या खाचेत जोर लावला तर खाचेचे दात तुटतात. काही लहान कटरमध्ये बिनगिअरची जाड चेन बसतच नाही. तुमच्या चेनची आतली रुंदी ३/३२ इंच आणि वडिलांच्या चेनची १/८ इंच आहे. तेव्हा तुमचा कटर दोन्हींना चालतो का हे आधी चेन ठेवून बघा.

खिळा आणि हातोडीने पिन ठोकून काढणारे लोक आहेत, त्यांच्यात हात बसलेले कारागीरही आहेत. तरी घरी हे करू नका. ठोकताना पिन जरा जरी तिरकी गेली तरी बाहेरच्या पट्टीचं भोक लांबट होतं. चेन जोडली जाते, चालते, आणि मग एखाद्या दिवशी उभं राहून जोर दिला की पट्टी पिनेवरून सुटते. पायाखालचा आधार जाऊन माणूस सरळ हँडलवर पडतो आणि मागून ट्रक येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्यापेक्षा तुमच्याकडे कटर आहे, तोच वापरा.

चेन खाचेत पूर्ण खाली बसवा. दांडा हलक्या हाताने फिरवा, ढकलपिन चेनच्या पिनेला टेकली की थांबा आणि समोरून डोळा लावून बघा. ढकलपिन बरोबर मध्यावर आहे का? एका बाजूला असेल तर मागे घ्या आणि पुन्हा बसवा. मध्यावर असेल तर फिरवत राहा. सुरुवातीला जोर लागतो, कारण पिनेचं टोक कंपनीत दाबून पसरवलेलं असतं. मग टक् आवाज होतो आणि पुढे दांडा सारख्या जोराने फिरतो. टक् झाल्यावरही खूप जोर लागत असेल तर ओढू नका, ढकलपिन तिरकी चालली आहे. जोडकडी लावणार असाल तर पिन पूर्ण बाहेर काढा. चेन तुमच्या अंगावर नको, कधी पिन उडते. चष्मा असेल तर लावा.

पिन परत वापरायची असेल, जे फक्त सात-आठ गिअरपर्यंतच्या किंवा बिनगिअरच्या चेनलाच करावं, तर ती पूर्ण बाहेर काढायची नाही. समोरच्या पट्टीतच किंचित अडकलेली राहिली पाहिजे. थोडं फिरवा, दांडा मागे घ्या, चेन वाकवून बघा, सुटत नसेल तर आणखी थोडं. घाई केली आणि पिन पूर्ण निघाली, तर ती परत सरळ घालणं घरी जवळजवळ अशक्य असतं. नऊ आणि त्यापुढच्या गिअरच्या चेनची पिन परत घालू नका. तिथे पट्ट्या पातळ असतात आणि एकदा निघालेल्या पिनेची पकड पुन्हा तशी बसत नाही. त्यांना जोडकडी किंवा कंपनीची नवी जोडपिन लागते. शिमानोच्या जोडपिनेला पुढे लांब टोक असतं, ती आत गेल्यावर ते पकडीने मोडून टाकायचं.

जोडताना दोन्ही टोकं एका हाताने धरून ठेवणं हीच खरी डोकेदुखी. जुना स्पोक दोन्ही बाजूंना वाकवून त्याचा आकडा करा, चेनची दोन्ही टोकं काही कड्या सोडून त्यात अडकवा, मधला भाग सैल पडतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. गिअर आधी लहानावर लहान टाका आणि पुढे चेन चेनव्हीलवरून खाली उतरवून ठेवा, म्हणजे ताण राहत नाही. चेन डिरेलरमधून घालताना दोन छोट्या चाकांच्या मधला पत्र्याचा पूल चेनच्या योग्य बाजूला आहे ना, हे बघा. इथे चूक झाली तर चेन त्या पत्र्यावर खरखर घासत राहते आणि ती सोडवायला सगळं पुन्हा उघडावं लागतं.

जोडकडीचे दोन अर्धे समोरासमोरून, म्हणजे एक आतून आणि एक बाहेरून, दोन्ही टोकांत घाला, पिना समोरच्या भोकांत बसवा आणि चेन ओढा. ती पूर्ण बसायला हाताचा जोर पुरत नाही. चेन चेनव्हीलवर चढवा, जोडकडी वरच्या बाजूला येईल असं पायडल फिरवा, मागचा ब्रेक घट्ट धरा आणि पायडलवर जोराने भार द्या. टक् आवाज आला की बसली. मग नख फिरवून दोन्ही पिना खाचेच्या टोकाला गेल्यात का ते बघा.

पिनेने जोडलं असेल तर ती दोन्ही पट्ट्यांबाहेर सारखीच डोकावली पाहिजे. ती कडी आखडलेली असणारच. चेन दोन्ही हातांत धरून आडवी, डावी-उजवीकडे, हलकेच वाकवा. मोकळी झाली नाही तर कटरच्या जवळच्या खाचेत ठेवून पिनेला अगदी थोडा धक्का द्या. पायडल मागे फिरवताना डिरेलर एखाद्या ठिकाणी उडी मारत असेल, तर अशी कडी अजून आखडलेली आहे.

शेवटी दोन तपासण्या. मोठ्यावर मोठं टाका: डिरेलरचा पिंजरा पुढे ताणलेला असेल, पण त्यात थोडा वाक शिल्लक हवा. लहानावर लहान टाका: चेन स्वतःला किंवा फ्रेमला घासता कामा नये. या दोन्हींत बसली तर लांबी बरोबर आहे.

वडिलांच्या सायकलची नवी चेन बसवणं याहून सोपं. मागचं चाक खाचेत जितकं पुढे आणता येईल तितकं आणा, म्हणजे पुढे झीज झाली की मागे सरकवायला भरपूर जागा राहते. चेन फिरवून टोकं जुळवा, जादा जोड्या काढा, लॉकने जोडा. बिनगिअरच्या चेनच्या लॉकला एक स्प्रिंगची पट्टी असते, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला चिरलेली. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला असताना पुढे, आलं पाहिजे. उलटं लावलं तर एखादी काडी किंवा चेनकव्हरचा पत्रा लागून पट्टी उडू शकते. बसवताना आणि काढताना नाकाची पक्कड वापरा.

मग चाक मागे घेऊन ताण द्या. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली केलं तर साधारण अर्धा इंच खेळ राहिला पाहिजे. पायडल हळूहळू पूर्ण फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. सगळ्यात घट्ट जागेला अर्धा इंच असू दे. पूर्ण ताणलेली चेन पायडलला जड करते आणि बीबीच्या व मागच्या हबच्या छऱ्यांचं नुकसान करते. चाक मध्ये आहे का ते टायर आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधली जागा बघून ठरवा. आधी चेनकडचा नट थोडा घट्ट, मग चाक मधोमध, मग दुसरा, आणि शेवटी दोन्ही पूर्ण.

आपल्या भागात एक सवय चेनच्या आयुष्याचा फार घात करते, ती म्हणजे गाडीचं जळकं ऑइल चेनवर ओतणं. मार्च ते मे आपल्याकडे जी उन्हाची झळ आणि धूळ असते, ती त्या ऑइलला चिकटते आणि सांध्यात जाऊन पिनेला घासत राहते. पावसाळ्यात काळी माती चेन आणि फ्रीव्हीलमध्ये भरते, ती तशीच वाळू दिली तर चेन आखडल्यासारखी होते. अशा वेळी आधी पाण्याने माती काढा, वाळवा, मग घासलेट किंवा डिझेल चिंधीवर घेऊन चेन पुसा. हे चुलीपासून लांब करा आणि उरलेलं विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. पूर्ण वाळल्यावर मशीनचं पातळ तेल, प्रत्येक रोलरवर एक-एक थेंब, पायडल मागे फिरवत. पाच-दहा मिनिटांनी वरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेरच्या पट्टीवर राहिलं तर फक्त धूळ गोळा करतं. नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीस मात्र लगेच धुऊ नका, ते सांध्यात आतपर्यंत गेलेलं असतं.

दोन्ही सायकलींवर पहिली फेरी गावातच मारा, मोकळ्या रस्त्यावर, आणि परत आल्यावर जोडलेली कडी पुन्हा एकदा नखाने तपासा. तुमच्या चेनमधून निघालेला तुकडा फेकू नका. त्यातल्या तीन-चार कड्या आणि एक जादा जोडकडी खोगिराखालच्या पिशवीत ठेवा. वाटेत एखादी कडी तुटली तर त्यावर घरापर्यंत येता येतं. वडिलांच्या सायकलचं पट्टीचं माप काय निघालं ते मला कळवा, आणि फ्रीव्हीलच्या दात्यांचा उजेडात जवळून काढलेला एक फोटोही पाठवा, म्हणजे ते बदलायचं की आणखी एक चेन चालेल हे सांगतो.